किक रिटर्नला सगळ्यात वेगवान पोरगाच उभा करायचा का? (कॅम्पआधी सल्ला हवा)

घणसोली_८१

मंडळी नमस्कार. ऐरोली-घणसोली पट्ट्यात आमचा अमेरिकन फुटबॉलचा गट आहे, १८ जण. आजवर टर्फवर पाच-पाचचं फ्लॅगच (धडक नाही, कमरेची पट्टी ओढायची) खेळलोय, त्यात किक हा प्रकारच नाही. दिवाळीनंतर मोकळ्या मैदानावर दहा दिवसांचा कॅम्प लावतोय. शेवटच्या तीन-चार दिवसांत किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) आणि पंट (बॉल समोरच्यांना सोपवताना हातातून सोडून मारलेली उंच किक) दोन्ही आणायचं ठरलंय. हेल्मेट-शोल्डर पॅडचे १२ संच आहेत.

अडलंय ते असं. गटातले बहुतेक म्हणतात, सर्वात वेगवान पोरगा रिटर्नर (किक झेलून बॉल परत धावत नेणारा) करा, विषय संपला. पण तोच आमचा मुख्य रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा. पहिल्याच दिवशी गुडघा गेला तर? दुसरं, एनएफएलने (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) किकऑफ २०२४ मध्ये बदलला आणि २०२५ मध्ये पुन्हा हात लावला. आमच्यासारख्यांनी जुना घ्यावा की नवा? आणि तिसरं, झेल. उंच पंट आला की पोरं डीप मिडविकेटला उभी असल्यासारखी हात डोक्यावर नेतात आणि बॉल बोटांतून सुटून छातीवर आदळतो. हे सुधारायचं कसं?

चौथा_डाऊन (ठाणे पूर्व)

आधी नियम घेतो, कारण रिटर्नची किंमत त्यावरच ठरते.

जुन्या किकऑफमध्ये किक मारणारी टीम धावत सुटायची, समोरचे ब्लॉकर (रिटर्नरसाठी वाट मोकळी करणारे) मागे पळून वळायचे आणि दोन्हीकडचे पूर्ण वेगात भिडायचे. एनएफएल हे वर्षानुवर्षं कापत आणत होती. २००९ मध्ये तीन-चार जणांनी खांद्याला खांदा लावून केलेली भिंत बंद केली, २०११ मध्ये किक ३० वरून ३५ यार्डांवर (यार्ड आपापल्या गोल लाइनपासून मोजतात) आणली, २०१८ मध्ये किक टीमची आधीची धाव काढून घेतली. त्यामुळे धडका कमी झाल्या, पण रिटर्नही मेला. २०२३ मध्ये साधारण २२ टक्केच किकऑफ परत धावत आणले गेले. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, तर एकही नाही, सगळे टचबॅक (बॉल एंड झोनमध्ये, म्हणजे गोल लाइनमागच्या पट्ट्यात, मेला की न धावता ठरलेल्या रेषेवरून सुरुवात). लोक तेवढ्यात चहा टाकून यायचे.

आता किकर एकटाच ३५ वर असतो. त्याचे बाकीचे दहा जण समोरच्यांच्या ४० यार्ड रेषेवर. ब्लॉकर ३५ ते ३० च्या पट्ट्यात, म्हणजे मधे जेमतेम पाच यार्ड. मागे जास्तीत जास्त दोन रिटर्नर. गोल लाइन ते २० हा बॉल उतरायचा पट्टा. बॉल जमिनीला किंवा रिटर्नरला लागेपर्यंत ते दहा जण आणि ब्लॉकर जागचे हलत नाहीत. बॉल पट्ट्यात उतरला तर फेअर कॅच (हाताने खूण करून, न धावता धडकेविना घेतलेला झेल) नाही, धावायचंच. पट्ट्याच्या अलीकडे पडला किंवा बाहेर गेला तर रिटर्न करणाऱ्यांना थेट ४० वर. पट्ट्यात टप्पा पडून एंड झोनमध्ये घरंगळला आणि तिथेच दाबला तर २०. थेट एंड झोनमध्ये पडला आणि दाबला तर २०२४ मध्ये ३० मिळायचे, २०२५ पासून ३५ मिळतात.

हा शेवटचा आकडा दिसायला बारीक आहे, पण सगळं त्यातच आहे. टचबॅकला २५ मिळायचे तेव्हा किकर डोळे झाकून बॉल बाहेर मारायचा. ३० झाले तरी बऱ्याच टीमना ते परवडत होतं, २०२४ मध्ये रिटर्नचं प्रमाण तेहतीस टक्क्यांच्या आसपासच गेलं. ३५ झाल्यावर मात्र टचबॅक देणं म्हणजे समोरच्याला आयते यार्ड. म्हणून किकर आता मुद्दाम बुटकी, हेलकावे खाणारी किक पट्ट्यात टाकतात आणि २०२५ मध्ये रिटर्न भरमसाट वाढले. रिटर्नरच्या बाजूने हिशेब केला तर ५ यार्डांवर झेललेला बॉल ३५ ला नेला तेव्हा कुठे टचबॅकशी बरोबरी होते. तीस यार्ड! पण त्याला निवडायला वावच नसतो. म्हणून आता वेगापेक्षा वेड्यावाकड्या टप्प्याचा बॉल पहिल्या प्रयत्नात उचलणारा माणूस महाग.

तुमच्यासाठी नवाच घ्या. पाच यार्डांच्या अंतरात कुणाचा वेग चढत नाही, हा मोठा फायदा. फक्त किकर ३५ वर ठेवू नका, नवशिक्याची किक तिथून पट्ट्यापर्यंत पोहोचणार नाही. त्याला ५० वर आणा, म्हणजे पट्टा त्याच्यापासून ३० ते ५० यार्डांवर येतो. ९ विरुद्ध ९ मध्ये किकर अधिक आठ, समोर सात ब्लॉकर आणि दोन रिटर्नर. एंड झोन धरून लांबी ६० यार्ड, म्हणजे ५५ मीटर. अर्ध्या फुटबॉल मैदानापेक्षा थोडी जास्त जागा लागेल. पट्ट्याच्या चार कोपऱ्यांना वेगळ्या रंगाचे कोन लावा, नाहीतर प्रत्येक किकला ‘आत पडला, बाहेर पडला’ यावर लोकसभा भरते.

पंटर_नेरूळ

(नावाचा अर्थ दोन्ही प्रकारे घ्या, मला चालतो.)

झेलावर लिहितो. किकऑफ आणि पंट ही दोन वेगळी कामं आहेत, एकाच माणसाला दोन्ही जमतील असं धरून चालू नका. किकऑफला रिटर्नर पुढे धावत बॉल घेतो आणि नव्या नियमात तर तोवर समोरचे जागचे हलत नाहीत. पंटला बॉल चार-साडेचार सेकंद हवेत असतो आणि तेवढ्या वेळात दोन गनर (रिटर्नरला पकडायला कडेने धावत सुटणारे) चाळीस यार्ड कापून तुमच्या नाकासमोर येतात. मान वर करून उभ्या माणसाला ते दिसत नाहीत. भीती त्याची असते, आणि हात डोक्यावर जातात ते त्यामुळेच.

बॉलचं नाक बघायला शिकवा. वर चढलेला बॉल उतरताना नाक खाली वळलं तर तो लांब जाणार, मागे सरका. नाक वरच राहिलं तर आखूड पडणार, पुढे या. डावखुऱ्या पायाच्या पंटची फिरकी उलट असते, बॉल दुसऱ्या बाजूला सरकतो. गटात कुणी डावखुरा असेल तर त्याच्याकडून रोज दहा तरी मारून घ्या.

हातांचं असं. कोपर बरगड्यांपासून मूठभर अंतरावर, दोन्ही हात समांतर पुढे, तळवे वर, करंगळ्या एकमेकींना लागून. सुपात धान्य घेतात तसा बॉल घ्यायचा. तो आधी हातांवर उतरतो आणि छाती त्याला मागून आधार देते. रिसीव्हरला आपण शिकवतो की बॉल अंगावर घेऊ नको, बोटांनी घे. पंटला बरोबर उलट, आणि चांगले रिसीव्हर इथेच फसतात. पाय बॉलच्या मागे हवेत. दोन पावलं मागे थांबून शेवटी बॉलमध्ये चालत जायचं. मागे झुकून घेतलेला झेल सुटतो, कारण वजन टाचांवर जातं आणि कोपर उघडतात. गुडघे सैल, उडी अजिबात नाही. आणि बॉल काखेत दाबला जाईपर्यंत नजर बॉलवर. अर्ध्याहून जास्त सुटलेले झेल हातात आल्यानंतर सुटतात, कारण पोराने धावायची वाट आधीच शोधायला घेतलेली असते.

क्रम: पहिले दोन दिवस किक नकोच. दहा मीटरवरून दोन हातांनी बॉल उंच फेका, माणशी ३० झेल. मग २५ यार्डांचे आखूड पंट, मग ४०. चौथ्या दिवसापासून काखेत एक बॉल दाबून दुसरा झेलायचा. कोपर उघडले की पहिला बॉल खाली पडतो, सांगायची गरजच उरत नाही. दोन जमले की तिसरा द्या. एनएफएलच्या कॅम्पात हेच यंत्रातून बॉल सोडून करतात. आपल्याकडे यंत्र नाही, पण फेकणारा माणूस त्याच जागी उभा राहिला तर काम भागतं.

त्यानंतर नजरेचा सराव. पंट सुटला की रिटर्नरने एकदाच खाली बघायचं. समोर उभा असलेला कोच बोटं दाखवतो, रिटर्नर आकडा ओरडतो आणि पुन्हा बॉल शोधतो. आकडा चुकला तर झेल घेतला तरी शून्य. इथे पोरं पहिल्यांदा रडकुंडीला येतात. पण हे जमल्याशिवाय फेअर कॅच घ्यायचा की धावायचं हे ठरवताच येत नाही. मोजमाप सोपं ठेवा: बॉल हातात येईल तेव्हा गनर आठ-दहा यार्डांच्या आत असेल तर फेअर कॅच. खूण म्हणजे एक हात डोक्यावर पूर्ण ताठ आणि इकडून तिकडे हलवायचा. अर्धवट उचललेला हात दोन्हीकडून मारतो. समोरच्याला खूण दिसत नाही आणि रेफरी दंड लावू शकतो.

पंटला टाचा १० यार्ड रेषेवर ठेवायची जुनी शिस्तही घालून द्या. बॉल डोक्यावरून मागे चालला तर जाऊ द्यायचा, एंड झोनमध्ये गेला तर २० वर फुकट मिळतो. ४ यार्डांवर मागे पळत घेतलेला झेल म्हणजे हौस.

बॉलमध्ये हवा १२.५ ते १३.५ पीएसआय, गेजने मोजून. मऊ बॉल झेलायला बरा वाटतो, पण हवेत वेगळाच वागतो आणि सवय बिघडते.

घोडबंदर_ब्लिट्झ

घणसोलीकर दादा, तुमच्या रिसीव्हरबद्दल. बहुतेक जण सांगतील की त्याला अजिबात लावू नका. दाखलाही तयार असतो: १९९८, न्यूयॉर्क जायंट्सचा कॉर्नरबॅक (समोरच्या रिसीव्हरला अडवणारा) जेसन सीहॉर्न. ऑगस्टमधल्या सराव सामन्यात किकऑफ रिटर्न करताना गुडघ्याचे लिगामेंट फाटले आणि अख्खा मोसम गेला. तेव्हापासून सराव सामन्यात बिनीच्या खेळाडूला रिटर्नला पाठवलं की लोक हेच नाव काढतात.

पण दुसरी बाजूही बघा. जानेवारी २०१२, एनएफसीचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोलच्या आधीची फेरी. फोर्टी नायनर्सचा नेहमीचा रिटर्नर टेड गिन दुखापतीमुळे बाहेर. त्याच्या जागी काइल विल्यम्स. चौथ्या क्वार्टरमध्ये घरंगळता पंट त्याच्या गुडघ्याला चाटून गेला आणि जायंट्सने बॉल उचलला. जादा वेळेत त्याच्या हातून फंबल, म्हणजे धरलेला बॉल निसटला. जायंट्स २०-१७ ने जिंकले आणि पुढे सुपर बोलही घेऊन गेले. विल्यम्सच्या नावाने तेव्हा फार वाईट बोललं गेलं. खरा मुद्दा इतकाच की दुसऱ्या क्रमांकाचा रिटर्नरही पहिल्याइतकाच तयार लागतो. एक माणूस तयार करून थांबलात तर तुम्हीही तिथेच आहात.

म्हणून तीन माणसं तयार करा. रोजचा रिटर्नर तो, जो सगळ्यात कमी बॉल सोडतो, वेग मध्यम असला तरी. दुसरा त्याच्यासारखाच. तुमचा वेगवान पोरगा तिसरा, आणि तो मोजक्या वेळीच: पिछाडीवर आहात, वेळ संपत आलाय, समोरचा पंटर आपल्याच एंड झोनजवळ अडकलाय. ईगल्सने डिसेंबर २०१० मध्ये डेशॉन जॅक्सनला असंच वापरलं. बिनीचा रिसीव्हर, सामन्याचा शेवटचा डाव, ३१-३१. पंट आधी हातातून सुटला, उचलला आणि ६५ यार्ड नेला. गंमत अशी की सुटलेल्या झेलामुळे त्याला पकडायला येणाऱ्यांची वेळ चुकली. पण तो डाव बघून पोरांना ‘सुटला तर सुटला’ शिकवू नका.

एनएफएलच्या कॅम्पातही साधारण हेच चालतं. ९० जण येतात, ५३ उरतात. पाचव्या-सहाव्या क्रमांकाच्या रिसीव्हरची किंवा शेवटच्या कॉर्नरबॅकची जागा बऱ्याचदा रिटर्नवरच ठरते. डेव्हिन हेस्टरसारखा निव्वळ रिटर्नने सामना फिरवणारा क्वचितच. फेब्रुवारी २००७ च्या सुपर बोलची पहिलीच किक त्याने ९२ यार्ड नेली, आणि तरीही बेअर्स २९-१७ हरले. रिटर्नची किंमत किती, याचा अंदाज दोन्ही आकडे एकत्र बघितले की येतो.

चौथा_डाऊन (ठाणे पूर्व)

ब्लिट्झ भाऊंशी बराचसा सहमत, फक्त ‘वेग मध्यम असला तरी’ हे पंटपुरतं ठेवा. नव्या किकऑफला समोरची रांग म्हणजे सरळ उभी भिंत असते. भेग दिसली की दोन पावलांत शिरावं लागतं, नाचत बसलात की संपलं. तिथे कबड्डीतला चढाईपटू बघा. बोनस मारून पाय काढून घेणारा नको, तो बाजूबाजूला सरकतो. दोघांच्या मधून अंग तिरकं करून निघणारा हवा.

आणि बॉल गमावण्याची किंमत पोरांना आकड्यात सांगा. स्वतःच्या २५ वर फंबल झाला तर समोरच्याने पुढे एक यार्डही न जाता मारलेला फील्ड गोल (खांबांमधून मारायची किक) ४२-४३ यार्डांचा होतो. एनएफएलच्या किकरला तो रोजचा आहे. तुमच्या किकरला नसेल, पण तत्त्व तेच.

घणसोली_८१

खूप आभार. एक राहिलं. हेल्मेट १२ आणि माणसं १८. ज्यांना धडक बसणार त्यांना, म्हणजे रिटर्नर आणि समोरच्या फळीला, हेल्मेट देऊन बाकीचे तसेच उतरवले तर चालेल का?

साइडलाइन_ताई (खारघर)

नाही. मैदानावर एकाला हेल्मेट आणि समोरच्याला नाही, असं कधीच नको. हेल्मेटवाल्याची टोपी ही दुसऱ्याच्या गालफडासाठी दगड असते. एक तर सहा विरुद्ध सहा, सगळे पूर्ण पॅडमध्ये. नाहीतर १८ जण बिनपॅडचे आणि फ्लॅग ओढायचा किंवा दोन हातांनी शिवायचं. मी दुसराच पर्याय घेईन. ब्लॉकरने हात छातीसमोर ठेवून फक्त वाट अडवायची, ढकलायचं नाही.

सगळे रिटर्नरच्या दुखापतीबद्दल बोलताय, पण मोठा धोका त्याला पकडायला धावणाऱ्यालाही असतो. सप्टेंबर २००७ मध्ये बफेलो बिल्सचा केव्हिन एव्हरेट किकऑफवर टॅकल करताना मानेच्या मणक्याला दुखापत होऊन जागीच कोसळला. तो पुढे चालू लागला हे नशीब आणि उपचार. डोकं खाली गेलं की मान सरळ रेषेत येते आणि सगळा मार मणक्यावर उतरतो. म्हणून पकडायला जाणाऱ्याने हनुवटी वर, नजर समोरच्याच्या कमरेवर, डोकं बाजूला, शेवटच्या तीन पावलांत वेग मोडायचा. फ्लॅग ओढतानाही हीच सवय लावा, कारण फ्लॅगसाठी वाकताना पोरांची डोकी एकमेकांवर आपटतात.

कुणाच्या डोक्याला मार बसला, तो गोंधळलेला वाटला, उलटी झाली, उजेड खुपतोय म्हणाला, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही आणि डॉक्टरने बघेपर्यंत सराव नाही. ‘पाणी मार आणि उठ’ हे घोट्याला चालतं, डोक्याला नाही. मान दुखतेय किंवा हातापायाला मुंग्या येताहेत म्हणाला तर त्याला हलवूच नका. मैदानावर पडल्या जागी डोकं धरून ठेवा आणि १०८ ला फोन करा.

किकऑफचे जिवंत डाव एका सत्रात सहा ते आठच. थकलेल्या पायांवर हा सराव घेतला की मांडीचा मागचा स्नायू धरतो, म्हणून सत्राच्या सुरुवातीला, अंग गरम झाल्यावर लगेच. शेवटच्या अर्ध्या तासात कधीच नको.

पंटर_नेरूळ

ताईंच्या पोस्टला जोडून दोन गोष्टी.

एक, ब्लॉकरना ‘सोड’ची हाक शिकवा. पंट आखूड पडून टप्पे खात आला तर रिटर्नरने तीनदा ‘सोड सोड सोड’ ओरडायचं आणि ते ऐकून प्रत्येकाने बॉलपासून लांब पळायचं, मागे वळून न बघता. बॉल चुकून आपल्या कुणाच्या पायाला लागला की तो समोरच्यांचाही होतो. एनएफएलमध्ये यासाठी टीमागणिक वेगळे शब्द असतात. फेब्रुवारी २०२४ च्या त्याच सुपर बोलमध्ये, जिथे किकऑफ रिटर्न एकही झाला नाही, नायनर्सच्या ब्लॉकरच्या पायाला पंट लागला, रिटर्नर रे-रे मॅक्लाउड तो उचलायला धावला आणि हातात आला नाही. चीफ्सना बॉल १६ यार्डांवर मिळाला आणि पुढच्याच डावात टचडाऊन. आपल्याकडे शब्द मराठी ठेवा, ‘पीटर’ (‘सोड’ची तिकडची एक हाक) ऐकून निम्मी पोरं कोण पीटर म्हणून बघतात.

दोन, मैदान. जाळीच्या छताच्या टर्फवर पंट होत नाही, बॉल जाळीला लागून खाली येतो आणि पोरांना खोटा अंदाज बसतो. मोकळं मैदान घ्या आणि आदल्या दिवशी चालून बघा. मुरमाच्या मैदानावर क्रिकेटच्या पिचची कड वर आलेली असते. मान वर करून मागे सरकणाऱ्याचा घोटा तिथेच मुरगळतो, गनर पोहोचायच्या आधी. बॉल उतरायचा पट्टा पिचपासून लांब आखा. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पाचनंतर पश्चिमेकडे तोंड केलेल्या रिटर्नरला काहीच दिसत नाही. त्याला पूर्वेकडे तोंड करून उभा करा आणि पंटरला सूर्य सोसू द्या. सकाळी सातच्या आत घेणार असाल तर दवाने बॉल निसरडा होतो. दोन कोरडे पंचे आणि तीन बॉल फिरते ठेवा.

घणसोली_८१

ठरलं. सगळे बिनपॅड, नवा किकऑफ, ‘सोड’ची हाक. वेगवान पोराला सांगितलं की तू तिसरा, तर तो फुगून बसलाय. काखेत बॉल दाबून दुसरा झेलायला लावला, दहापैकी चार आले. आता स्वतःच म्हणतोय आधी ते जमू दे.

घोडबंदर_ब्लिट्झ

चार वाईट नाहीत. त्याला सांगा, उजव्या काखेतला बॉल डाव्या काखेत घे आणि पुन्हा दहा मोज.